लोकलमधून उतरल्यावरही नीटनेटके: मुंबईतल्या पुरुषांसाठी रोजच्या कपड्यांचं मार्गदर्शन

घरातल्या आरशासमोर सकाळी आठ वाजता कुठलाही इस्त्रीचा शर्ट चांगलाच दिसतो. मुंबईत त्याची खरी परीक्षा तास-दीड तासाने होते. डोंबिवली किंवा विरारहून उभ्याने प्रवास करून, दादरच्या पुलावरची गर्दी कापून, शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहून तुम्ही ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरता, तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असतो, एका बाजूने पँटबाहेर आलेला असतो आणि कॉलरने मान टाकलेली असते. पुरुषांच्या फॅशनवरचे बरेचसे सल्ले थंड हवेच्या देशांतून आलेले असतात. एकावर एक कपडे चढवा, जॅकेट घ्या, घोट्यापर्यंतचे बूट घ्या. इथे फेब्रुवारीच्या दुपारीही घाम फुटतो आणि जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाणी असतं.

म्हणून या लेखात कपडे एकाच कसोटीवर तपासले आहेत: प्रवास संपल्यावर ते कसे दिसतात आणि तुम्हाला त्यात कसं वाटतं. ही कसोटी लावली की पैसे कुठे घालायचे याचा क्रमही बदलतो. आधी कापड, मग माप, मग निगा. ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी.

१. आधी कपाट उपसा

नवीन काही घेण्याआधी एका रविवारी सगळे कपडे पलंगावर काढा आणि तीन ढीग करा. पहिला, गेल्या महिन्याभरात घातलेले. दुसरा, आवडतात पण कुठेतरी मापात चुकतात म्हणून पडून राहिलेले. तिसरा, बाकीचे. तिसरा ढीग घरातून गेलाच पाहिजे. मुंबईच्या घरात कपाटाची एक फळीसुद्धा महाग असते.

दुसरा ढीग सगळ्यात मोलाचा. त्यातली प्रत्येक वस्तू अंगावर चढवा आणि नेमकं काय चुकतं ते कागदावर लिहा: बाही लांब, पोटावर बटण ताणतं, पँटची मोहरी (पायाशी असलेला घेर) रुंद. यातले बरेच दोष कोपऱ्यावरचा शिंपी नव्या शर्टाच्या किमतीच्या लहानशा भागात काढून देतो. पहिल्या ढिगातून तुमचा आठवडा कळतो. बँकेत बसणाऱ्याचा, साइटवर उभं राहणाऱ्याचा, शाळेत शिकवणाऱ्याचा आणि दिवसभर फिरतीवर असणाऱ्याचा आठवडा सारखा नसतो. खरेदी त्या आठवड्यासाठी करायची.

२. कापड हातात घेऊन ओळखायला शिका

मुंबई हे कापडाचंच शहर. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि ताडदेवच्या त्यांच्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथून लालबाग-परळचं गिरणगाव उभं राहिलं. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, पण त्याआधीच्या पिढीला पॉपलीन, मलमल, ड्रिल, पन्हा (कापडाची रुंदी) हे सगळं बोटांना कळत होतं. आपण मात्र कॉलरच्या आतलं लेबल वाचून शर्ट घेतो. ती जाण पुन्हा कमावता येते आणि त्याला फार वेळही लागत नाही.

दमट हवेत घाम उडून जात नाही, अंगावरच राहतो. त्यामुळे कापडातून वारा जाणं आणि कापड अंगापासून थोडं सुटं राहणं, या दोन गोष्टींवर सगळा आराम अवलंबून असतो. सुती कापड घाम शोषतं, पण जाड असेल तर ओलं राहतं. लिननमधून वारा खेळतो आणि ते लवकर सुकतं. चुरगळतं, पण तो चुरगळा त्याला शोभतो. पूर्ण लिनन ऑफिसात फार सैल वाटत असेल तर कॉटन-लिननचं मिश्रण घ्या. पॉपलीन गुळगुळीत आणि घट्ट विणीचं, औपचारिक शर्टासाठी चांगलं. ऑक्सफर्ड जाडसर असल्यामुळे त्यावर चुरगळा आणि घाम कमी दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मे महिन्यात जड. सीअरसकर हे उंचसखल पट्ट्यांचं सुती कापड मात्र आपल्याकडे उगाच दुर्लक्षित राहिलं आहे. पृष्ठभाग सपाट नसल्यामुळे ते अंगाला चिकटत नाही आणि त्याला इस्त्रीही लागत नाही. मिळालं तर सोडू नका.

टेरीकॉटला नाकं मुरडण्याचं कारण नाही. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाची पँट पावसाळ्यात लवकर सुकते आणि क्रीज टिकवते. शर्ट मात्र निव्वळ पॉलिएस्टरचा घेऊ नका. तो घाम शोषत नाही आणि त्यात बसलेला वास धुतल्यावरही पूर्ण जात नाही. हल्ली रस्त्यावर दिसणारे मऊ, सुळसुळीत, छापील शर्ट बहुतेक रेयॉन किंवा व्हिस्कोसचे असतात. अंगाला गार लागतात, पण ते कापड ओलं झालं की कमजोर होतं. पिळू नका, ब्रश घासू नका.

दुकानात तीन गोष्टी करून बघा. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट आवळून दहापर्यंत मोजा आणि सोडा. ज्या घड्या उरतील त्याच लोकलमधून उतरल्यावर तुमच्या पाठीवर असतील. मग कापड तोंडाशी धरून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात ठेवा. वारा हाताला लागला पाहिजे. शेवटी कापडाखाली हात घालून उजेडाकडे धरा. बोटं स्पष्ट मोजता आली तर त्या पांढऱ्या शर्टातून बनियनही तितकंच स्पष्ट दिसणार. ‘शंभर टक्के कॉटन’ या शब्दाची शंका आली तर एक सुटा धागा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

कापड घेऊन शिवायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगळदास मार्केट आहेच; सीएसएमटीहून चालत जाता येतं, रविवारी बंद असतं. दादर पूर्वेला हिंदमाताचा कापडबाजार आहे, तिथे मोठ्या पावसाच्या दिवशी जाऊ नका, पाणी तुंबतं. मापाचा अंदाज असा: पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं कापड साधारण अडीच मीटर लागतं, ५८ इंच पन्ह्याचं सुमारे १.६ मीटर. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात पँट १.२ ते १.३ मीटरमध्ये बसते. अंगाने भारी असाल किंवा चौकटीचं कापड असेल तर थोडं जास्त घ्या, कारण चौकटी जुळवताना कापड वाया जातं. आणि सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ते आटणारच आहे, शर्ट होण्याआधी आटू द्या.

३. माप: खांदा, मुंढा, आसन

महागडा शर्ट मापात चुकला तर उसना आणल्यासारखा दिसतो. साध्या पॉपलीनचा मापातला शर्ट घातलेला माणूस त्याच्या शेजारी उठून दिसतो.

सुरुवात खांद्यापासून. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर, जिथे खांदा संपून दंड सुरू होतो तिथे बसली पाहिजे. खाली ओघळली तर शर्ट मोठा, मानेकडे चढली तर लहान. रेडिमेड शर्टाचा खांदा चुकला असेल तर तो घेऊच नका. बाकी बरंच काही दुरुस्त होतं, खांदा दुरुस्त करणं कटकटीचं आणि खर्चाचं असतं. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पूर्ण बाही मनगटाच्या हाडापर्यंत. अर्धी बाही दंडाच्या मध्यावर संपावी. कोपरापर्यंत लोंबणारी अर्धी बाही चांगल्या शर्टाची कळा घालवते. छातीला एकूण चार इंच सैलपणा आपल्या हवेला बरा. त्याहून कमी ठेवलात तर घाम आला की कापड चिकटलंच.

आता मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडलेली असते तो गोल. याकडे फार थोड्या जणांचं लक्ष जातं आणि लोकलने प्रवास करणाऱ्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं माप आहे. शर्ट पँटमध्ये खोचून उभे राहा आणि डब्यातली कडी धरल्यासारखा उजवा हात वर करा. शर्टाची ती बाजू वर ओढली जाऊन पँटबाहेर आली, तर मुंढा खोल आहे. मुंढा बगलेजवळ, उंच असेल तर हात वर गेला तरी फक्त बाही वर जाते, शर्ट जागचा हलत नाही. बहुतेकांना वाटतं की शर्ट बाहेर येतो म्हणजे तो आखूड आहे किंवा घट्ट आहे, म्हणून पुढच्या वेळी मोठा साइज घेतात. मोठ्या साइजचा मुंढा आणखी खोल असतो आणि शर्ट आणखी बाहेर येतो. दुकानाच्या ट्रायल रूममध्ये हात वर करून बघायला लाजू नका.

शर्ट खोचायचा नसेल तर त्याची उंची पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत हवी. खोचायचा शर्ट याहून लांब असतो, खाली गोलाकार कापलेला असतो. तो बाहेर सोडून फिरलात की उंची कमी आणि पाय आखूड दिसतात.

पँटमध्ये आधी आसन बघा, म्हणजे कमरेपासून दोन पाय जुळतात तिथपर्यंतची खोली. आसन आखूड असेल तर बसल्यावर पाठीमागून शर्ट सुटतो आणि पुढे पोट पट्ट्यावरून ओसंडतं. पोट सुटलेल्या माणसाने पँट पोटाखाली ढकलू नये. थोडं खोल आसन घेऊन ती कमरेवरच बसवावी, पुढे एकेक चुणी घालून घ्यावी. पोट लपत नाही, पण कपड्यांची रेघ सरळ राहते आणि दिवसभर पँट ओढत बसावं लागत नाही. कंबर इतकी नीट हवी की पट्टा न लावताही पँट टिकेल. मोहरी १४ ते १५ इंच बहुतेकांना शोभते. उंची बुटाच्या वरच्या भागाला जेमतेम टेकेल एवढी. उंची कमी असलेल्यांनी घोट्याशी कापडाचे थर साठू देऊ नयेत आणि शर्ट-पँटच्या रंगांत फार विरोध ठेवू नये.

रस्त्यावरच्या खरेदीसाठी एक पक्का उपाय आहे. तुमचा सगळ्यात नीट बसणारा शर्ट सपाट टेबलावर पसरा. बगल ते बगल, खांदा ते खांदा, बाहीची लांबी आणि मागची उंची ही चार मापं इंचांत घ्या आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर किंवा वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर ट्रायलची सोय नसते, आणि एका कंपनीचा ४० दुसऱ्या कंपनीच्या ४२ एवढा निघतो. खिशात छोटी टेप ठेवा. चार मापं जुळली तर लेबल काय म्हणतं याची फिकीर नको. तिथेच शिलाईही बघून घ्या: एका इंचात १४-१६ टाके असतील तर शर्ट टिकेल, आठ-नऊ असतील तर उसवेल.

४. शिंप्याकडे काय बोलायचं

रेडिमेड मॉलच्या जमान्यातही मुंबईत गल्लोगल्ली शिंपी आहेत आणि ज्यांचं अंग कुठल्याच ठरावीक साइजमध्ये बसत नाही त्यांच्यासाठी हा सगळ्यात मोठा आधार आहे. पण शिंप्याकडे जाऊन ‘छान शिवा’ एवढंच सांगितलं तर तो त्याच्या नेहमीच्या सवयीने शिवणार. सोबत तो नीट बसणारा शर्ट नमुना म्हणून न्या. माप पातळ बनियनवर द्या, पोट आत ओढू नका, जे आहे ते मोजू द्या.

संवाद साधारण असा होतो.

‘मास्तर, मुंढा या नमुन्याएवढाच ठेवा, खाली नको.’

‘साहेब, आवळेल हो. अर्धा इंच सैल देतो ना.’

‘छातीत द्या सैल. मुंढा वरच ठेवा. आणि कॉलरला बकरम मऊ वापरा.’

‘मऊ बकरमची कॉलर बसते साहेब, कडक राहत नाही.’

‘चालेल. कडकवाली दोन धुण्यांत फुगे धरते.’

हे फुगे कशामुळे येतात ते माहीत असू द्या. बकरम म्हणजे कॉलरला ताठपणा देणारं आतलं कापड. स्वस्त चिकटवलेलं बकरम धुतल्यावर कापडापासून सुटतं आणि कॉलरवर फोड आल्यासारखं दिसतं. एकदा आलेले फुगे इस्त्रीने जात नाहीत. आणखी दोन गोष्टी सांगा: बाजूच्या शिवणीत आणि पँटच्या मागच्या शिवणीत इंचभर माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) ठेवायला, आणि खिशाच्या चौकटी शर्टाच्या चौकटींशी जुळवायला. वजन वरखाली झालं तर ती माया कामाला येते. पाच शर्टांचं कापड एकदम देऊ नका. एकच शिवून घ्या, दोनदा धुऊन, घालून, लोकलने जाऊन बघा. मग त्यातले दोष सांगून बाकीचे टाका. गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर शिंप्यांकडे कामाचा ढीग असतो. तेव्हा घाईत शिवलेलं काम घाईतलंच निघतं, त्यामुळे महिनाभर आधी द्या.

५. किती आणि कुठल्या रंगाचे

रोज ऑफिसला जाणाऱ्याला पाच-सहा चांगले शर्ट आणि तीन पँट पुरतात. एक पांढरा, एक आकाशी, एक बारीक पट्ट्यांचा, एक ऑफ-व्हाइट किंवा फिक्या रंगाचा लिनन, एक गडद निळा किंवा बाटली हिरवा. पँट गडद निळी, राखाडी आणि खाकी. पाच शर्ट आणि तीन पँट मिळून पंधरा जोड्या होतात आणि त्यातली एकही विजोड नसते. सकाळी झोपेत हात घातला तरी चालतं. याशिवाय एक गडद जीन्स, कॉलरवाले दोन टी-शर्ट, साधे दोन-तीन गोल गळ्याचे.

रंग निवडताना घामाचा विचार आधी करा. फिका राखाडी आणि आकाशी, विशेषतः टी-शर्टच्या कापडात, ओला झाला की लगेच गडद डाग दाखवतो. पांढरा, गडद निळा, काळा आणि बारीक छापील कापड घाम लपवतं. म्हणून आकाशी शर्ट बारीक चौकटीचा किंवा पट्ट्यांचा घ्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला मरून, ऑलिव्ह, मोहरीचा पिवळा, विटकरी, गडद निळा हे रंग फार खुलतात. ‘सावळ्याने फिकेच घालावं’ हा घरोघरी मिळणारा सल्ला खुशाल विसरा. शर्ट दिवसाच्या उजेडात चेहऱ्याजवळ धरून बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली घेतलेला रंग बाहेर भलताच निघतो.

६. पायात काय, कमरेला काय

पादत्राणं संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा बसणारा बूट सकाळीही त्रास देत नाही. एक तपकिरी आणि एक काळा चामडी बूट असावा आणि ते आलटून-पालटून घालावेत. चामड्यात मुरलेला घाम सुकायला पूर्ण एक दिवस जातो. रोज तोच बूट घातला तर तो लवकर फाटतो आणि वासही धरतो. मोजे पँटच्या रंगाचे, नडगीपर्यंत येणारे. पांढरे स्नीकर मुंबईच्या फुटपाथवर आठवडाभरही पांढरे राहत नाहीत. घासायची तयारी असेल तरच घ्या, नाहीतर राखाडी किंवा तपकिरी बरे.

पट्टा बुटाच्या रंगाचा. पाच भोकांपैकी मधल्या भोकात बसला की माप बरोबर. धारावीच्या चामड्याच्या दुकानांत चांगले पट्टे आणि पाकिटं मिळतात. पट्टा वाकवून बघा, अस्सल चामड्याला बारीक सुरकुत्या पडून जातात, वर चिकटवलेला थर असेल तर तो ताणला जातो किंवा तडकतो.

कोल्हापुरीला रोजच्या कपड्यांत मानाची जागा द्या, असं मला मनापासून वाटतं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरला आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरला मिळून. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तिच्यासारखीच पादत्राणं दाखवली तेव्हा जगभर चर्चा झाली. आपण मात्र ती लग्नापुरती काढतो. लिनन शर्ट, खाकी पँट आणि कोल्हापुरी हा शनिवारचा सुंदर पोशाख आहे. नवी कोल्हापुरी चावते. आतून एरंडेल तेलाचा हात फिरवा, पहिले काही दिवस घरातच तासभर घाला. पावसात मात्र ती अजिबात घालू नका, भिजलेलं चामडं फुगून तळ सुटतो.

मुंबईत बॅगेचा प्रश्नही कपड्यांचाच प्रश्न आहे. पाठीवरच्या सॅकखाली शर्ट भिजतो आणि खांद्यावर पट्ट्यांच्या घड्या पडतात. डब्यात ती पुढे घेतोच, उतरून चालतानाही हातात धरली तर पाठ कोरडी राहते. पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. खिसेकापूंचं कारण आहेच, शिवाय त्या फुगवट्याने चांगल्या पँटचा आकार जातो.

७. घाम, बनियन, वास

उन्हाळ्यात बनियन घालावं का, यावर घरोघरी मतभेद असतात. माझं मत: घालावं, पण पातळ, सुती आणि नीट मापाचं. ते पहिला घाम शोषून घेतं आणि शर्ट वाचतो. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं. त्वचेच्या जवळ जाणारा किंवा फिका राखाडी रंग दिसत नाही. वरचं बटण उघडं ठेवणाऱ्यांनी व्ही गळ्याचं घ्यावं.

डिओडरंट वास झाकतं, अँटिपर्स्पिरंट घाम कमी करतं. बाटलीवर कुठला शब्द आहे ते वाचून घ्या. अँटिपर्स्पिरंट रात्री, कोरड्या बगलेत लावल्यावर जास्त चांगलं काम करतं. त्यातल्या ॲल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून पांढऱ्या शर्टाच्या बगलेत पिवळे डाग पाडतात, म्हणून शर्ट चढवण्याआधी ते पूर्ण सुकू द्या. सुगंध दोनच फवारे, अंगावर, कपड्यावर नाही. भरलेल्या डब्यात आपल्या अत्तराचा त्रास शेजाऱ्याला होऊ नये.

८. जून ते सप्टेंबर

पावसाळ्यासाठी कपाटाचा एक भाग वेगळाच लावा. पांढरी आणि खाकी पँट, चामडी बूट, जाड जीन्स हे सगळं बाजूला. जीन्स या हवेत दोन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. गडद, मिश्र कापडाच्या दोन पँट ठेवा आणि शिंप्याला सांगून त्यांची उंची अर्धा इंच कमी करून घ्या. पायात रबरी किंवा ईव्हीएचे (हलक्या फोमचे) सँडल, आणि ऑफिसच्या ड्रॉवरखाली एक जोडी बूट, मोजे आणि छोटा टॉवेल. सँडलवरून बुटात पाय घालण्याआधी बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. या दिवसांत त्या जागी चिखल्या होतात. बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला एक शर्ट असू द्या, लिनन नको, पॉलिएस्टर-कॉटन.

बूट भिजलेच तर त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर किंवा गॅसजवळ ठेवलं तर चामडं तडकतं. बंद कपाटातल्या पट्ट्या-बुटांवर बुरशी धरली असेल तर व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन कापडाने पुसा, वाळवा, मग पॉलिश करा. कपाटाचं दार दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा आणि अर्धवट ओला कपडा कधीच आत घालू नका. इस्त्रीवाल्याकडून आलेले गरम कपडेही आधी बाहेर गार होऊ द्या.

९. सणासमारंभाचं थोडक्यात

गुढीपाडव्याची गिरगावची शोभायात्रा, गणपतीच्या आरत्या, भावाबहिणींची लग्नं यांसाठी दोन झब्बे पुरेत. एक पांढरा किंवा ऑफ-व्हाइट सुती, एक टसर किंवा रेशमाचा. झब्ब्याची उंची गुडघ्यापर्यंत आणि खांदा शर्टाइतकाच नेमका हवा; सैल म्हणजे आरामदायी असं समजून दोन साइज मोठा घेऊ नका. नेहरू जाकीट एकच घ्या, गडद निळं किंवा मरून, ते दोन्हीवर चालतं. विसर्जनाच्या दिवशी गुलाल उडाला तर कपडा आधी कोरडाच झटका, मऊ ब्रशने पूड काढा आणि मगच गार पाण्यात घाला. कोरड्या गुलालावर पाणी पडलं की रंग धाग्यात बसतो.

१०. धुणं, इस्त्री, दुरुस्ती

शर्ट उलटा करून, गार किंवा कोमट पाण्यात धुवा. कॉलर आणि कफवर आधी साबण चोळून दहा मिनिटं ठेवा. बगलेच्या पिवळ्या डागांवर ब्लीच ओतू नका, डाग आणखी पिवळे होतात; खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून अर्धा तास ठेवा. रंगीत कपडे उलटे करून सावलीत, हँगरवर वाळवा, म्हणजे चिमट्यांच्या खुणा राहत नाहीत आणि निम्मी इस्त्री आपोआप होते. सुती शर्टाची इस्त्री किंचित ओलसर असतानाच करावी: आधी कॉलर आतल्या बाजूने, मग कफ, बाह्या, खांदा, पुढचे भाग आणि शेवटी पाठ. इस्त्रीवाल्याकडे देत असाल तर बाहीवर क्रीज नको आणि कॉलर चपटी दाबू नका, एवढं आवर्जून सांगा.

नव्या शर्टाची बटणं पहिल्याच दिवशी तपासा. सैल असेल ते काढून पुन्हा लावा आणि बटणाखाली दोऱ्याचे दोन-तीन फेरे गुंडाळून छोटी दांडी करा. असं बटण काजात ताणलं जात नाही आणि गर्दीत तुटत नाही.

कॉलर घासून फाटली तर शर्ट टाकू नका. जुना, अनुभवी शिंपी कॉलर उसवून, उलटवून पुन्हा लावून देतो आणि न घासलेली बाजू वर येते. बटण-डाउन कॉलरला, म्हणजे जिची टोकं बटणांनी शर्टाला लावतात तिला, हे जमत नाही. कफ विरले असतील तर त्याच शर्टाची अर्धी बाही करून घ्या आणि कापलेल्या बाहीचं कापड मास्तरांकडून मागून ठेवा. पुढे त्याच शर्टाचा खिसा किंवा कॉलर दुरुस्त करायची वेळ आली, तर तितकाच धुतलेला, तितकाच फिका झालेला तोच रंग दुसरीकडे कुठे मिळत नाही.